चाकांवरचे बिऱ्हाड, डोंगरातले गाव



अमेरिकेत ‘आर.व्ही.’ नावाची एक गाडी असते. रिक्रिएशनल व्हेइकल हे तिचे पूर्ण नाव. आपण तिला चाकांवरचे बिऱ्हाड म्हणू. लांबीला एस.टी.पेक्षा आखूड, पंचवीसेक फूट. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा एक पलंग, मागच्या बाजूला दुसरा. मधले टेबल-बाकडे रात्री मोडले की तिसरा. दोन-तीन शेगड्यांचा ओटा, फ्रीज, कपाटे आणि एका कोपऱ्यात न्हाणी-संडास. तिकडचे लोक ही मांडणी मोठ्या कौतुकाने दाखवतात. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसांचा संसार केलेल्या आपल्या मंडळींना त्याचे फारसे नवल वाटणार नाही. आमची सौ. आत शिरली, चहूकडे बघितले आणि म्हणाली, “आपल्या चाळीला चाकं लावलीत की!”

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहरी नोकरीला आहे. त्याने तिकिटे पाठवली म्हणून आम्हा दोघांना हा प्रवास घडला, क्लार्कच्या एल.टी.सी.त अमेरिका बसत नाही हे काय सांगायला पाहिजे? २०२४ चा सप्टेंबर होता. भाचा, सून, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघे अशी पाच माणसे चार दिवसांसाठी गाडी भाड्याने घेऊन एस्टेस पार्क नावाच्या गावाला गेलो. ही गाडी चालवायला साधा मोटारीचा परवाना चालतो. भाडे रोजचे पावणेदोनशे डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेचौदा हजार रुपयांच्या घरात. वर तळावर उभी करण्याचे रात्रीचे पैसे वेगळे, आणि पेट्रोल तर विचारू नका, लिटरला जेमतेम चार किलोमीटर. आकडे एवढ्यासाठी दिले की चाकांवरचे घर म्हणजे स्वस्तातला प्रवास असा कोणाचा समज होऊ नये. पाच माणसांच्या हॉटेलच्या दोन खोल्या आणि पाचही जणांचे बाहेरचे जेवण धरले, तर हिशेब बरोबरीने सुटतो इतकेच.

एस्टेस पार्क डेन्व्हरपासून एकशेदहा किलोमीटरवर आहे. वस्ती सहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे मोठे खेडे. पण उंची ७,५२२ फूट! आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, आणि राज्यातले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांवर. कळसूबाईच्या माथ्याहून दोन हजार फूट उंचावर हा बाजार भरलेला आहे असे समजा. गावाला लागूनच रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे. ते १९१५ साली स्थापन झाले आणि वर्षाला चाळीस लाखांहून अधिक लोक ते पाहायला येतात. सहा हजारांच्या गावावरून एवढी माणसे जातात म्हटल्यावर गावाचे रूप कसे असेल, हे लोणावळ्याच्या रविवारावरून ओळखा. मुख्य रस्त्याला एल्कहॉर्न अॅव्हेन्यू म्हणतात. दोन्ही बाजूंना टोप्या, बनियन, आइस्क्रीम आणि टॅफी. टॅफी ही त्यांची चिक्की. साखरेचा चिकट गोळा यंत्रावर ओढून ओढून मऊ करतात आणि कागदात गुंडाळून विकतात. काचेआड ते यंत्र चालू असते आणि पोरे काचेला नाक लावून उभी. आमची नातही होतीच.

मोठी गाडी गावात शिरवणे कठीण, म्हणून ती गावाबाहेरच्या तळावर ठेवून फुकटच्या बसने बाजारात यायचे. माथेरानला दस्तुरीच्या नाक्यावर मोटार सोडतात त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की तिथे पुढे बस मिळते. माथेरानला पुढे काय मिळायचे त्याचा विषय शेवटी घेतो.

सप्टेंबरात तिथे एल्क नावाच्या हरणांचा माजाचा काळ असतो. सांबरापेक्षा थोराड हे जनावर भर बाजारात, बागेत, लोकांच्या अंगणात चरत असते. नर मान वर करून शीळ घालतो तेव्हा एखाद्या जुन्या गिरणीचा भोंगा लांबून ऐकल्यासारखे वाटते. ही जनावरे एकदा तिथून शिकारीने नाहीशी झाली होती. १९१३-१४ साली यलोस्टोन भागातून आणून पुन्हा सोडली आणि आजचे कळप वाढले. अस्वलेही आहेत, त्यामुळे खाण्याची कुठलीही वस्तू बाहेर ठेवायची नाही असा सक्त नियम. सौ.ने डेन्व्हरच्या देशी दुकानातून सुकट घेतली होती. भाचा हात जोडून म्हणाला, “मामी, ती घरीच ठेव. त्या वासानं सगळं जंगल जेवायला येईल.” सुकट राहिली. पण दुसऱ्या दिवशी गाडीत पोह्यांना मिरचीची फोडणी दिली आणि छताला लावलेली धुराची घंटा असा काही आकांत करू लागली की शेजारच्या गाड्यांतले लोक बाहेर आले. त्यानंतरचा स्वयंपाक बाहेरच्या लाकडी टेबलावर शेगडी मांडून झाला. वासाने शेजारी आले, आणि ओळखी झाल्या त्या तिथूनच.

एक दिवस ट्रेल रिज रोडने वर गेलो. हा रस्ता १९३२ साली वाहतुकीला खुला झाला. पार १२,१८३ फुटांवर जातो, झाडांची हद्द संपते आणि नुसते खुरटे गवत आणि वारा उरतो. पुष्कळ ठिकाणी कडेला कठडा नाही. मेअखेर ते ऑक्टोबरचा मध्य एवढेच दिवस तो उघडा असतो, बाकी बर्फ. उतरताना भाचा ब्रेकवर पाय न ठेवता खालच्या गिअरवर गाडी आणत होता. आंबेनळी घाटात एस.टी.चे ड्रायव्हर हेच करतात. डोके थोडे दुखते, पाणी पीत राहावे लागते. देखावा वर्णन करायला माझी लेखणी कवीची नाही, तेव्हा तो भाग सोडतो.

मला या सगळ्या प्रवासातली जी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे ती या गाडीच्या पोटात असते. गाडीखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी ‘ग्रे’, म्हणजे राखाडी पाण्याची. मोरीचे आणि आंघोळीचे पाणी तीत जमते. तिसरी ‘ब्लॅक’, काळी. संडासचे सगळे त्या टाकीत. शंभरेक लिटरची ती टाकी पाच माणसांत तीन-चार दिवसांत भरते. भरली की रिकामी करावी लागते. त्यासाठी तळावर एक जागा असते, तिला डंप स्टेशन म्हणतात. जमिनीत झाकण असलेले एक भोक, बाजूला पाण्याचा नळ. ते भोक गटाराला किंवा मोठ्या टाकीला जोडलेले असते.

आता ही टाकी रिकामी कोण करतो? ज्याची गाडी तो.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे रांगेत उभे होतो. पुढे एक बसएवढी गाडी होती. भाच्याच्या अंदाजाने तीन लाख डॉलरची, म्हणजे अडीच कोटींची. तीतून सत्तरीचे एक गृहस्थ उतरले. रात्री आमचे पोहे खाऊन गेलेल्यांपैकीच ते होते, निवृत्त डॉक्टर. त्यांनी खिशातून रबरी हातमोजे काढले, गाडीच्या पोटातून जाड नळी ओढली, एक टोक टाकीला फिरवून बसवले, दुसरे भोकात घातले आणि खटका ओढला. नळी फुगली, थरथरली, आवाज झाला. गृहस्थ शेजारी उभे राहून आमच्या भाच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. काळी टाकी आधी सोडायची, राखाडी नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. मग वेगळ्या नळाच्या पाण्याने सगळे खंगाळायचे, टाकीत औषध आणि थोडे पाणी घालायचे, हातमोजे टाकायचे आणि हात धुवायचे. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळ्या रंगाची असते. तिचा या जागेशी काही संबंध येऊ द्यायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांचे काम. त्यांच्या बायकोने आतून हाक मारली, कॉफी झाली म्हणून. ते हात पुसत आत गेले.

आमचे वडील नगरपालिकेत कॉन्झर्व्हन्सी खात्यात होते. कामावरून आले की अंगणातच आंघोळ करायचे. त्याआधी आम्हा भावंडांपैकी कोणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचे अण्णा रागावलेत. शेजारच्या आळीत त्यांना वरून पाणी ओतून द्यायचे हेही आम्ही पाहिले आहे. माझ्या हातात त्या दिवशी भाच्याने हातमोज्यांचा दुसरा जोड दिला. नळीचे एक टोक मी धरले, दुसरे त्याने. कंप्युटरवर बसून गलेलठ्ठ पगार घेणारा हा मुलगा त्याच माणसाचा नातू आहे. रांगेतल्या कोणालाही आम्ही वेगळे काही करतो आहोत असे वाटले नाही, कारण त्यांचीही पाळी पाच मिनिटांनी यायचीच होती.

सौ. गाडीच्या पायरीवर बसून हे सगळे बघत होती. म्हणाली, “आपल्याकडं ह्या गाड्या आल्या, तर गाडीबरोबर एक माणूसही ठेवतील. हे काम करायला. आणि तो कोण असेल ते मी आत्ताच सांगते.”

मला तिचे म्हणणे खोडता आले नाही. हाताने मैला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, दुसरा अधिक कडक २०१३ साली. गटारात उतरून मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ मरणे थांबलेले नाही. तिकडे हे काम नळी, खटका आणि हातमोजे यांनी होते. यात विज्ञानाचा काही चमत्कार नाही, ही नळी आपल्याकडच्या कुठल्याही वर्कशॉपात तयार होईल. पण यंत्र कधी तयार होते? ज्याला काम करायचे आहे त्याला स्वतःचे हात सांभाळायचे असतात तेव्हा. डॉक्टरांना स्वतः टाकी सोडायची म्हटल्यावर नळी गळकी कोण करील?

याचा अर्थ अमेरिकेत सगळे समान, असे कोणी समजू नये. तळावरची सामायिक स्वच्छतागृहे रोज एक वयस्क जोडपे धूत असे. नवरा पूर्वी बस चालवायचा. स्वतःचे घर राहिलेले नाही, जुनी आर.व्ही. हेच कायमचे घर. उन्हाळ्यात या तळावर काम करायचे, बदल्यात जागा फुकट आणि थोडे पैसे, थंडी पडली की दक्षिणेला उतरायचे. असे हजारो म्हातारे तिकडे आहेत. त्यांच्यावर जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले आणि त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. एकाच तळावर एकाच आकाराची दोन घरे उभी असतात. एकाची सुट्टी, दुसऱ्याचे बेघरपण. लांबून बघितले तर ओळखू येत नाही.

आणि हे गाव मुळात कोणाचे? या दरीत अरापाहो आणि यूट या आदिवासी जमातींचा वावर होता. अरापाहोंपैकी एका मोठ्या गटाला १८७८ साली वायोमिंगमधल्या राखीव मुलखात नेऊन बसवले. त्याच दशकात डनरेव्हन नावाचा आयरिश उमराव इथे शिकारीला आला, आणि दरी त्याला इतकी आवडली की गरीब शेतकऱ्यांसाठी केलेल्या कायद्याखाली भलत्यासलत्या माणसांच्या नावे खोटे दावे लावून त्याने हजारो एकर जमीन घशात घातली. गायरानाचे सात-बारे हाताळलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल! पुढे १९१४ साली डोंगरांची जुनी नावे टिपून घ्यायला दोन अरापाहो वृद्धांना मुद्दाम बोलावून आणले. ‘नेव्हर समर’, म्हणजे कधीच उन्हाळा नाही, हे तिथल्या रांगेचे नाव त्यांच्याच भाषेतून आले आहे. नावे ठेवून घेतली. माणसांना परत पाठवले.

गावातले सर्वांत मोठे हॉटेल टेकडीवर आहे, पांढरे, १९०९ सालचे. वाफेच्या मोटारी बनवणारे स्टॅन्ली नावाचे कारखानदार क्षयाने खंगून १९०३ साली इथे हवापालटाला आले, जसे आपल्याकडे पाचगणीला लोक जात. बरे झाले, हॉटेल बांधले, आणि पाहुणे आणायला आपल्याच कंपनीच्या वाफेच्या गाड्या ठेवल्या. मोटारीतून डोंगर बघायला जाण्याची चाल इथे अशी रुजली.

पण मोटार असली म्हणजे प्रत्येकाला रात्रीची जागा मिळेच असे नव्हते. काळ्या लोकांना पैसे असूनही हॉटेलवाले नकार देत. कोलोरॅडोत १९२४ साली निवडून आलेला गव्हर्नर कू क्लक्स क्लॅनचा सभासद होता, यावरून काळ ओळखा. तेव्हा १९२२ साली याच रॉकीच्या डोंगरात, डेन्व्हरच्या पश्चिमेला, काळ्या लोकांनी लिंकन हिल्स नावाची आपली स्वतःची हवा खाण्याची वसाहत उभी केली. तिथे विंक्स लॉज नावाची उतरण्याची जागा होती. ड्यूक एलिंग्टनसारखे नामांकित संगीतकार तिथे राहून गेले. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले व्हिक्टर ग्रीन नावाचे एक पोस्टमन १९३६ पासून एक पुस्तिका काढत. कोणत्या गावात काळ्या प्रवाशाला जेवण, अंथरूण आणि पेट्रोल मिळेल याचे पत्ते तीत असत. ती ‘ग्रीन बुक’ म्हणून प्रसिद्ध झाली आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा झाल्यानंतर थोड्याच वर्षांत तिचे काम संपले. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत बाबासाहेबांवर काय प्रसंग आला ते आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. एका पोस्टमनने पत्त्यांची पुस्तिका काढून त्यावर तोड काढली, हे मात्र कारकुनी पेशाच्या माणसाला फार भावते.

आजचा तिथला प्रश्न वेगळा आहे. हॉटेलात खोल्या लावणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका बहुतेक स्पॅनिश बोलणाऱ्या. गावात घरे महाग, कारण पर्यटकांना देऊन जास्त पैसे सुटतात. त्यामुळे काम वरच्या गावात आणि राहणे खाली कुठेतरी, रोज घाट चढून यायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या भागातल्या मतदारांनी यावर एक ठराव मतदानाने मंजूर केला. पाहुण्यांच्या खोलीभाड्यावर दोन टक्के कर होता, तो साडेपाच टक्के केला, आणि वाढीव पैसा कामगारांच्या घरांसाठी आणि त्यांच्या मुलांच्या पाळणाघरांसाठी राखून ठेवला. म्हणजे जो झोपायला येतो तो अंथरूण घालणारीच्या छपराचे थोडे पैसे भरतो. यातून सगळ्यांना घरे मिळतील असे नाही, पण पैसा कुठून घ्यायचा हे तरी ठरले. महाबळेश्वर, लोणावळा इथल्या हॉटेलांतले वेटर आणि मोलकरणी रात्री कुठे झोपतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? मी लोणावळ्यात पाहिले आहे. जिन्याखाली.

आता माथेरान. तिथे मोटारींना बंदी, म्हणून पाहुण्यांना हातरिक्षात बसवून माणसे ओढत असत. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ही प्रथा अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा ज्यांनी हातरिक्षा ओढल्या त्यांनाच भाड्याने द्याव्यात, खरे ओढणारे कोण ते देखरेख समितीने ठरवावे, आणि पैसे नाहीत ही सबब शासनाने सांगू नये, असेही त्यात आहे. आदेश चांगला आहे. पण यादी कशी तयार होते हे मी अनेक वर्षे टेबलामागून बघत आलो आहे. परवाना एकाच्या नावावर, ओढणारा दुसरा, आणि लाभ तिसऱ्याला. नेरळ, कर्जत, माथेरान भागातील वाचकांपैकी कोणाचे वडील, भाऊ, नवरा हातरिक्षा ओढत असतील तर त्यांचे नाव यादीत आले का, ई-रिक्षा हातात पडली का, आणि भाडे किती ठरले, हे या पत्त्यावर पोस्टकार्डाने कळवावे. परवान्याची झेरॉक्स जोडली तर उत्तम, नसली तरी चालेल.